जुन्या हवाई छत्र्यांची घडी

पॅराशूट माणसाला वाचवतं, हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण पॅराशूटला कोण वाचवतं? प्रश्न जरा चमत्कारिक आहे खरा. पण गेली दोन वर्षं तो माझ्या डोक्यात घोळतोय, आणि त्याला कारण आमचा अमेरिकेतला भाचा. हा गृहस्थ कनेक्टिकट राज्यातल्या मँचेस्टर गावी राहतो, सुटीच्या दिवशी विमानातून उड्या मारतो आणि जुनी पॅराशूटं जमवतो. (नातेवाईक मंडळींना हा उद्योग ठाऊक आहेच, ब्लॉगवरच्या मित्रांसाठी खुलासा केला.) लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. ती डब्यात मावतात तरी. पॅराशूट उलगडलं की दिवाणखाना भरतो आणि सूनबाईंचा पारा चढतो!

मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. लढाया, तह, सनावळ्या पोरांकडून घोकून घेतल्या. कापडाच्या तुकड्याला इतिहास असतो हे मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. भाच्याशी फोनवर बोलता बोलता, त्याने सुचवलेलं वाचता वाचता जे हाती लागलं, ते आज लिहून काढतो.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नेरँ नावाचा फ्रेंच माणूस बलूनमधून हजारेक मीटर उंचीवर गेला आणि बलूनचा दोर कापून रेशमी छत्रीखाली लोंबकळत खाली आला. छत्रीच्या माथ्याला भोक नव्हतं, त्यामुळे कोंडलेली हवा कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने बाहेर पडायची आणि टोपली झोपाळ्यासारखी हेलकावे खायची. पुढे माथ्यावर भोक ठेवू लागले आणि हेलकावे कमी झाले. दोन वर्षांनी, १७९९ मध्ये, जान लाब्रोस या बाईने अशीच उडी मारली. पुढे तिचं गार्नेरँशी लग्न झालं. त्यानंतर शंभर वर्षं पॅराशूट हा जत्रेतला खेळ होता. तिकीट काढून लोक बघायला येत.

अमेरिकेतली टायनी ब्रॉडविक ही त्याच जत्रेतून पुढे आलेली मुलगी. नाव जॉर्जिया, पण अंगाने इतकी लहानखुरी की सगळे टायनीच म्हणत. १९०८ पासून ती बलूनमधून उड्या मारायची. १९१३ साली लॉस एंजेलिसला तिने चालत्या विमानातून उडी घेतली. असं करणारी ती पहिली स्त्री. १९१४ साली सॅन डिएगोला ती सैन्यासमोर प्रात्यक्षिक दाखवत होती. तेव्हा पॅराशूट उघडायला विमानाला बांधलेली दोरी असे, आणि एका उडीत ती दोरी विमानाच्या शेपटीत अडकली. पुढच्या उडीला बाईंनी ती दोरी कापून आखूड केली आणि विमानापासून दूर गेल्यावर स्वतःच्या हाताने ओढली. हजाराच्या वर उड्या मारून ती १९७८ पर्यंत जगली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. १९६४ साली तिने आपलं एक पॅराशूट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकलं. ११० यार्ड रेशमाचं, हाताने शिवलेलं. म्हणजे जिने ते वापरलं तिलाच ते जपण्याजोगं आहे हे कळलं होतं. असं फार थोड्या वस्तूंच्या नशिबी येतं.

२८ एप्रिल १९१९ रोजी ओहायो राज्यातल्या मॅककुक फील्डवर लेस्ली अर्विन पाठीवरचं पॅराशूट घेऊन विमानातून सुटला, थोडा वेळ नुसता पडत राहिला आणि मग हाताने दोरी ओढून ते उघडलं. उतरताना घोटा मोडला, पण पॅराशूट चाललं. १९२२ साली कॅटरपिलर क्लब निघाला. पॅराशूटमुळे जीव वाचलेल्या वैमानिकाला सुरवंटाच्या आकाराची सोन्याची छोटी पिन मिळे. सुरवंट कशाला? तर ज्याने रेशीम कातलं त्याची आठवण म्हणून. मला ही कल्पना फार आवडली. जीव वाचल्यावर आपण देवाचे आभार मानतो, किड्याची आठवण कोण ठेवतो!

आता भाच्याच्या गावाकडे वळू. मँचेस्टर हे गाव एकेकाळी रेशमाचं गाव होतं. चेनी नावाच्या भावांनी १८३८ साली तिथे रेशमाचा उद्योग सुरू केला आणि पुढे त्यांच्या गिरण्यांनी सगळं गाव पोसलं. त्याच गावात, त्याच रेशमाच्या आधाराने, १९३८ साली पायोनियर पॅराशूट कंपनी उभी राहिली. पण अमेरिकेत कच्चं रेशीम यायचं ते मुख्यतः जपानमधून. १९४१ साली युद्ध भडकलं आणि रेशीम बंद झालं. मग नुकतंच बाजारात आलेलं नायलॉन पुढे आलं. ६ जून १९४२ रोजी हार्टफर्डच्या ब्रेनर्ड फील्डवर अॅडलिन ग्रे या तरुणीने नायलॉनच्या पॅराशूटची पहिली मानवी उडी मारली. ही मुलगी पायोनियरमध्येच पॅराशूटं बांधायचं काम करायची. म्हणजे कारखान्यातल्या बाईने कारखान्याच्या मालावर आपला जीव तोलून दाखवला. मालाची खात्री पटवायला याहून मोठा पुरावा काय देणार?

त्या गिरण्यांच्या बऱ्याचशा इमारतींत आज लोक राहतात. आमचा भाचाही अशाच एका इमारतीत राहतो. रेशमाची गिरणी होती तिथे हा बाबा नायलॉनच्या घड्या घालत बसतो.

महायुद्धात पॅराशूटं अगणित शिवली गेली. मग ती गेली कुठे? बहुतेक कापली गेली. सैनिक जमिनीला टेकला की पट्टे सोडून पुढे पळतो, छत्री मागे राहते. फ्रान्समध्ये नॉर्मंडीला १९४४ नंतर गावातल्या बायकांनी त्या कापडाचे लग्नाचे पोशाख आणि मुलांचे कपडे शिवले. कापडाची टंचाई होती, एवढं तलम कापड कोण टाकून देईल? स्मिथसोनियनमध्ये असाच एक लग्नाचा पोशाख आहे. मेजर क्लॉड हेन्सिंजर या वैमानिकाच्या बॉम्बर विमानाला ऑगस्ट १९४४ मध्ये जपानवरून परतताना आग लागली आणि त्याने चीनमध्ये उडी टाकली. रात्रभर त्याच पॅराशूटची उशी आणि पांघरूण करून तो खडकांत पडून राहिला. घरी परतल्यावर त्याने ते नायलॉन आपल्या मैत्रिणीला दिलं आणि लग्नाची मागणी घातली. रूथने त्याचा पोशाख केला, घागऱ्याला चुण्या घालायला दोऱ्या पॅराशूटच्याच वापरल्या, आणि १९४७ साली तो घालून ती बोहल्यावर चढली. पुढे तिच्या मुलीने आणि सुनेनेही तोच घातला. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी होते, तसंच हे. कापड कापलं गेलं म्हणून टिकलं.

याच युद्धात आपल्या बाजूला ब्रह्मदेशच्या आघाडीवर वेगळीच गोष्ट घडली. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्याला विमानातून रसद टाकायला पॅराशूटं पुरत नव्हती. मग कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना गाठून तागाची पॅराशूटं करून घेतली. त्यांना नाव पडलं ‘पॅराज्यूट’. माणसांसाठी नव्हती ती, पण पीठ-तांदूळ आणि दारूगोळा उतरवायला उत्तम. ब्रह्मदेशच्या त्या सरहद्दीवर आपली माणसं होती. मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढत होती, आणि विमानातून टाकलेली बरीचशी रसद जपान्यांच्या बाजूला जाऊन पडत होती. आमच्या सातारा भागातल्या किती घरांतले आजोबा-पणजोबा त्या मोहिमेत असतील! ते वरून येणाऱ्या छत्रीकडे कसे बघत असतील, याचा विचार मनात येतोच. तागाला ओल लागली की तो कुजतो. रेशमाला निदान नवरी मिळाली, तागाला कोण विचारणार?

असो. विषय खेळाच्या पॅराशूटांचा आहे, तिकडे येतो.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत सैन्याची जादा पॅराशूटं स्वस्तात विकायला निघाली. तरण्या पोरांनी ती घेतली आणि गंमत म्हणून उड्या सुरू केल्या. १९५९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ऑरेंज गावी जाक-आंद्रे इस्टेल आणि लू सॅनबर्न यांनी पैसे भरून उडी शिकण्याचं तिथलं पहिलं केंद्र काढलं. १९६२ साली जागतिक स्पर्धाही तिथेच झाल्या. पण सैन्याची ती अठ्ठावीस फुटी गोल छत्री वारा नेईल तिकडे जायची. तिला वळवायचं कसं? पोरांनी कात्री घेतली! छत्रीच्या मागच्या बाजूचे कापडाचे पट्टे मोजून कापले, कडा शिवल्या. तिथून हवा मागे सुटे आणि छत्री हळूहळू पुढे सरके, दोऱ्या ओढल्या की वळे. कोणी कापाचा आकार इंग्रजी टी आणि यू सारखा केला, कोणी दोन एल सारखा. त्या कापांची नावंच पडली. प्रत्येक क्लबात ‘आपलाच काप कसा बरा’ यावर वाद.

१९६४ मध्ये आमच्या भाच्याच्या गावातल्या पायोनियरने ‘पॅरा-कमांडर’ बाजारात आणलं. मूळ आराखडा पिएर लमॉन या फ्रेंच इंजिनिअरचा. गोलच, पण जागोजागी फटी ठेवलेल्या आणि माथा मधल्या दोऱ्यांनी खाली ओढलेला. त्यामुळे ते पुढे सरकायचं आणि हवं तिथे, अगदी ठरवलेल्या चकतीजवळ उतरायचं. रंग लाल, निळे, पिवळे. सैन्याचं खाकी-पांढरं गेलं आणि खेळाचं रंगीत आलं.

त्याच सुमारास पतंग करणाऱ्या डोमिना जाल्बर्टने वाऱ्याने फुगणारा, विमानाच्या पंखासारखा कापडी पंख तयार केला. १९६६ साली त्याला पेटंट मिळालं. त्यातून चौकोनी पॅराशूटं आली आणि १९८० च्या दशकापर्यंत हौशी उडीबहाद्दरांनी गोल छत्र्या सोडून दिल्या. म्हणजे ‘पॅरा-कमांडर’चं राज्य जेमतेम दहा-पंधरा वर्षांचं. नंतर ती माळ्यावर गेली, गॅरेजमध्ये गेली. कोणी गाडीवर झाकण घातलं, कोणी मुलांना तंबू करून दिला. लढाईतल्या वस्तूंना संग्रहालयं मिळतात. हौसेच्या वस्तू मात्र हौस संपली की अडगळ होतात.

भाच्याच्या हाती पहिला ऐवज आला तो असाच. गावातले एक वृद्ध गृहस्थ घर विकून वृद्धाश्रमात निघाले होते. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी खूप उड्या मारल्या होत्या. त्यांच्याकडे एक हाताने कापलेलं सैनिकी पॅराशूट, एक लाल-निळं ‘पॅरा-कमांडर’ आणि छातीवर बांधायचं एक राखीव पॅराशूट होतं. मुलगा म्हणाला, कचऱ्याच्या गाडीत टाकू. आमचा भाचा गाडी घेऊन गेला आणि तिन्ही उचलून घेऊन आला.

त्याने पहिला बेत केला तो छत्री धुऊन, घराच्या उंच छताला टांगायचा. माझ्या ताईने, म्हणजे त्याच्या आईने, फोनवर एकच प्रश्न विचारला, “अरे, पैठणी कोणी खिडकीत टांगतं का?” झालं. तिथून त्याचं शिक्षण सुरू झालं. वाचत गेल्यावर त्याला कळलं की त्याची आई सांगते तेच संग्रहालयवाले सांगतात. ऊन हा नायलॉनचा पहिला शत्रू. रेशमाला ऊन आणि घाम दोन्ही बाधतात. माळ्यावर उष्णता, तळघरात ओल, म्हणून ठेवायचं ते राहत्या घराच्या थंड, अंधाऱ्या कपाटात. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं की कापड त्याच रेषेवर तुटतं, म्हणून मधूनमधून घडी बदलायची आणि घडीच्या पोटात आम्लरहित कागदाची वळकटी ठेवायची. आपल्याकडे पैठणी मलमलीत गुंडाळून, घडी मोडून दुसरीकडून घालतात, ती का, हे बायकांना कोणी विज्ञान न शिकवताही ठाऊक होतं. धातूच्या कड्या गंजून कापडाला डाग पाडतात, त्या वेगळ्या गुंडाळायच्या. रबर बँड विरघळून दोऱ्यांना चिकटतात, ते आधी काढायचे. आणि धुवायचं नाही! गवताचा हिरवा डाग, कुठल्याशा शेतातली माती, हाही पुरावाच.

दिसायला धडधाकट कापड आतून गेलेलं असू शकतं, हेही तो शिकला. १९८० च्या दशकात काही राखीव पॅराशूटांवरच्या जाळीत आम्ल निघालं आणि त्याने शेजारचं नायलॉन खाल्लं होतं. डोळ्यांना काही दिसत नसे. रंग बदलणारं एक रसायन लावून आणि कापड चिमट्यात धरून ठरावीक जोराने ओढून तपासावं लागे.

पण खरा पेच पडला तो छातीवरच्या राखीव पॅराशूटचा. अमेरिकेत राखीव पॅराशूट स्वतः बांधून चालत नाही. परवानाधारक रिगर बांधतो, दोऱ्याला शिशाचं सील लावतो आणि आतल्या कार्डावर तारीख घालून सही करतो. तेव्हा दर ६० दिवसांनी हे नव्याने करावं लागे, २००८ च्या अखेरीस मुदत १८० दिवसांची झाली. या कार्डावर सतरा नोंदी होत्या, सगळ्या एकाच हाताच्या. शेवटची १९७६ ची. सील शाबूत. म्हणजे १९७६ साली कोणीतरी जी घडी घातली ती आत तशीच होती.

उघडायचं की नाही? उघडलं तर ती घडी कायमची गेली, तशी पुन्हा कोणी घालू शकणार नाही. न उघडलं तर रबर वितळून दोऱ्या खाणार, कापड घडीवर मरणार. भाच्याने मला विचारलं, “मामा, तू इतिहासवाला. काय करू?” मी म्हटलं, ज्याचं आहे तो अजून आहे ना? त्याला विचार.

म्हातारबुवांनी उघडायला सांगितलं, पण समोर बसून. एका रविवारी वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये टेबलं जोडली गेली. दर पायरीला फोटो, दर घडीची मोजमापं. म्हातारबुवा खुर्चीतून सांगत होते, आता डावीकडे दोऱ्या दिसतील, आता टोक खाली दुमडलेलं असेल. तसंच निघत गेलं. रबर बँडांचा चिकट चुरा झाला होता. कापड मात्र पांढरंशुभ्र. भाच्याने विचारलं, “हे उघडलं असतं का हो?” ते म्हणाले, “मी दर वेळी धरून चाललो होतो की उघडेल.” सतरा वेळा बांधलेलं ते पॅराशूट एकदाही वापरावं लागलं नव्हतं. ज्याने बांधलं तो रिगर त्यांचा मित्र होता, आणि तो पूर्वीच वारला होता. सील, कार्ड आणि रबराचा चुरा आता छोट्या पिशव्यांत त्याच खोक्यात आहे.

‘पॅरा-कमांडर’चा प्रश्न राहिला. काही जुने उडीबहाद्दर आजही आधुनिक राखीव पॅराशूट लावून जुन्या गोल छत्र्यांखाली उडी मारतात. भाच्यालाही एकदा ते करायचं होतं. त्याचं म्हणणं, न उडणारं पॅराशूट म्हणजे भिंतीवर टांगलेला तानपुरा. वाजला नाही तर त्याला तानपुरा का म्हणायचं? मुद्दा बिनतोड आहे, मी नाकारत नाही. पण तानपुऱ्याची तार तुटली तर दुसरी बसते. पन्नास वर्षांपूर्वीचं नायलॉन उघडताना फाटलं तर आतल्या फटी, शिवणी, त्या काळच्या हाताने लावलेलं ठिगळ, सगळंच गेलं. शिवाय पॅराशूट हा विश्वासाचा धंदा आहे. बांधणारा कोणी एक, उडी मारणारा कोणी दुसरा, आणि मधे एक सही. ज्या कापडासाठी सही करायला आज कोणी जिवंत नाही, त्याच्यावर विश्वास टाकू नये, त्याला विश्रांती द्यावी. आमचे यावर तीन फोन झाले. शेवटी त्याने उडी मारली नाही. माझ्यामुळे की ताईच्या धाकामुळे, ते विचारलेलं नाही!

एवढ्या उठाठेवीतून मला काय मिळालं? इतिहासाचा मास्तर म्हणून सांगतो. टायनी ब्रॉडविकचं पॅराशूट टिकलं कारण तिने ते स्वतः दिलं. हेन्सिंजरांचा पोशाख संग्रहालयात आहे, कारण खडकातल्या त्या रात्रीची गोष्ट कापडाबरोबर घरात राहिली. आमच्या भाच्याचं राखीव पॅराशूट महत्त्वाचं आहे ते कार्डामुळे आणि खुर्चीत बसून बोललेल्या माणसामुळे. कार्ड हरवलं असतं तर उरलं असतं बारीक विणीचं पांढरं नायलॉन, अशा मापाचं, एवढ्या वजनाचं. वस्तू ऊन-ओलीपासून जपता येते. तिची हकीकत सांगणारं माणूस गेलं की ती जपायला कुठलाही आम्लरहित कागद पुरत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी पॅराशूट नसेल, पण आजोबांची फौजेतली ट्रंक असेल, आजीचं लग्नातलं लुगडं असेल, गिरणीचा बिल्ला असेल. ते कोणाचं, कुठलं, कोणत्या साली कशासाठी आणलं, कुठे फाटलं आणि कोणी शिवलं, एवढं एका कागदावर लिहा, तारीख घाला, खाली सही करा आणि त्या वस्तूबरोबर ठेवा. शाईने लिहा, पेन्सिल पुसते असं म्हणाल, तर ऐका: संग्रहालयात पेन्सिलच वापरतात, कारण ओल लागली तरी ती फुटत नाही. हे मला भाच्यानेच सांगितलं. मीही कालपासून पेन्सिल घेऊन बसलोय. पहिली चिठ्ठी वडिलांच्या छत्रीची. साधी पावसाळी छत्री, हवाई नव्हे.